वस्तऱ्याने दाढी शिकतोय : चूक हाताची की धारेची?

पेठेतला_पाहुणा | गुरुवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी मूळचा बीड जिल्ह्यातला, वय २१. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दोन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतोय.

गेल्या महिन्यात एका बुधवारी जुन्या बाजारात गेलो होतो. जुनी कुलपं, पाने, नळाच्या तोट्या मांडलेल्या पथारीवर एक वस्तरा दिसला. काळी मूठ, पात्याच्या बुडाशी 'सोलिंगेन' (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) असं कोरलेलं. ६०० सांगितले, ३५० ला मिळाला. घरी आणून गंज काढला, कमरेचा जुना पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून त्यावर परजला आणि आजवर पाच वेळा दाढी केली.

गालावर बरा चालतो. गळ्यावर मात्र केस कापण्याऐवजी ओढतो, डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी घाटीच्या (गळ्यावरच्या उंचवट्याच्या) दोन्ही बाजूंना लाल पुरळ आणि कॉलर लागली की आग.

तरी सोडावंसं वाटत नाही. दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत जातात, उरलेला वेळ मोबाइल खातो. सकाळची ही वीस मिनिटं अशी आहेत की त्यात दुसरा कुठलाही विचार करता येत नाही. केला तर कापतं! रूममेट हसतात, 'काय हजाम' म्हणून हाक मारतात.

दोन प्रश्न आहेत. माझी चूक हाताची आहे की धारेची? आणि पुण्यात कोणी वस्तऱ्याने दाढी करणारं आहे का, ज्यांना एकदा समोर बसून बघता येईल? व्हिडिओ खूप पाहिले. त्यात हात दिसतो, पण त्या हाताचा दाब किती ते कळत नाही.

---

चहाबाज | गुरुवार, रात्री ११:०५

बिनपाण्याने हजामत पुण्यात रोज होते, पाण्याने करणारा बऱ्याच दिवसांनी भेटला. बसलोय, वाचतोय.

---

सुलट_उलट | गुरुवार, रात्री ११:४०

पाहुणे, स्वागत. कोथरूडला राहतो, सहा वर्षं वस्तराच वापरतो. तुमच्या लिहिण्यावरून ९० टक्के दोष धारेचा वाटतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. धार लावणं वेगळं आणि परजणं वेगळं. धार दगडावर लागते. पट्ट्यावर परजल्याने लागलेली धार फक्त सरळ आणि तरतरीत होते. बाजारातून आलेल्या जुन्या वस्तऱ्याला मुळात धारच नसेल तर पट्ट्यावर हजार हात मारा, काही होणार नाही. गालावरचे केस मऊ असतात म्हणून निभावतं, गळ्यावर पितळ उघडं पडतं.

दगडावर काम करताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या हव्यात. कोन पाठच ठरवते, आपण ठरवायचा नसतो. आधी १००० नंबरचा दगड, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, जमल्यास १२०००. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगडावर धार पुढे ठेवून चालवायचं. पट्ट्यावर बरोबर उलटं, पाठ पुढे आणि धार मागून फरफटत. टोकाशी आल्यावर पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. तिथे चुकलात तर पट्टाही कापतो आणि धारही जाते.

कमरेचा पट्टा सहसा वाकलेला असतो, वरून रंगाचा थर असतो. पट्टा सपाट हवा आणि ताणून धरलेला हवा. सैल पट्ट्यावर धार गोल होते. परजण्याचे ४०–५० हात पुरेत, जोर न लावता.

दाढी करताना पात्याचा कोन साधारण ३० अंश. अंश मोजत बसू नका. गाल आणि पाठ यांच्यात पाठीच्या जाडीइतकी, फार तर दुप्पट फट ठेवा.

---

मीठभाकर | शुक्रवार, सकाळी ७:१५

माझा मुलगा याच वयाचा आहे म्हणून लिहिते. गळ्याशी उघडं पातं, तेही बाजारातलं गंजकं, आणि शिकवायला कोणी नाही. बाळा, तुझ्या आईला हे माहीत आहे का? बाजारात पाच पाती लावलेले रेझर मिळतात, त्यात वाईट काय आहे ते मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

त्वचेचं_बोला | शुक्रवार, सकाळी ८:३०

मीठभाकरताई, तुमची काळजी रास्त आहे. मी त्वचाविकारांची डॉक्टर आहे, दोन्ही बाजूंनी सांगते.

पाच पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस उचलतं, पुढचं कापतं. त्यामुळे केस त्वचेच्या पातळीखाली कापला जाऊ शकतो. कुरळे, जाड केस मग आतल्या आत वाढतात आणि पुळ्या येतात. एकाच पात्याने हा त्रास अनेकांना कमी होतो. तेव्हा मुलाची आवड अगदीच वेडेपणाची नाही.

आता पाहुण्याला. गळ्यावरचे केस सगळे वरून खाली वाढत नाहीत. दोन दिवसांची दाढी असताना कापसाचा बोळा गळ्यावर चारी दिशांनी फिरव. जिथे अडकतो ती उलटी दिशा. कागदावर गळ्याचं चित्र काढून बाण मार. पहिले दोन-तीन महिने फक्त सुलट हात, उलटी दाढी अजिबात नको. पुरळ आहे तिथे ते बसेपर्यंत पातं लावायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वापरलेला वस्तरा दुसऱ्याच्या रक्ताला लागलेला असू शकतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकतो. हे पहिल्या दाढीआधी करायला हवं होतंस, निदान आता कर. वस्तरा साबणाने, सांधा उघडून, जुन्या ब्रशने घास. मग स्पिरिटने पूस. उकळू नकोस, जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात, वाकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर घे. रूममेटने मागितला तरी वस्तरा द्यायचा नाही.

---

निवृत्त_नारायणपेठी | शुक्रवार, सकाळी १०:१०

आमच्या वाड्यात दर रविवारी न्हावी यायचे. चौकात पाट मांडलेला, काखेतून धोकटी काढून उलगडायचे. त्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, पाण्याची पितळी वाटी आणि काळा गुळगुळीत दगड. परजायला पट्टा नव्हताच, डाव्या हाताच्या तळव्यावर चट् चट् परजायचे. आम्ही पोरं तो आवाज ऐकायला जमायचो.

माझ्या वडिलांनी सेफ्टी रेझर घेतला आणि तो पाट माळ्यावर गेला. अमेरिकेत जिलेटला त्या रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं, आमच्या वाड्यात पोचायला पन्नासेक वर्षं लागली.

मीठभाकरताई, काळजी करू नका. सायकलही आपण पडूनच शिकलो.

---

मीठभाकर | शुक्रवार, सकाळी १०:२५

सायकल गळ्यावरून जात नाही हो काका!

---

घाटमाथा | शुक्रवार, दुपारी १:२०

पाहुण्या, काहीही कर पण वस्तरा दारावर येणाऱ्या धारवाल्याला देऊ नकोस. मी दिला होता. आजोबांचा वस्तरा, चाळीस वर्षं कपाटात. धारवाला आला, आईच्या विळीबरोबर मी तोही पुढे केला. सायकलवरच्या चाकाने ठिणग्या उडाल्या, मला वाटलं काय धार लावतोय! हातात आला तेव्हा धारेलगत निळसर पट्टा उमटला होता.

पुढे वर्कशॉपमधल्या मित्राने सांगितलं की पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असं निळं पडतं, आणि तेवढ्याने वस्तऱ्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. त्या जागी परत धार टिकत नाही. विळीला ते चाक चालतं, वस्तऱ्याला नाही. त्या माणसाचा दोष नाही, त्याने रोजच्यासारखं काम केलं. देताना मी विचारायला हवं होतं. तो वस्तरा अजून आहे माझ्याकडे, कागदसुद्धा कापत नाही.

---

धोकटी | शुक्रवार, रात्री ९:४५

सकाळपासून लिहू की नको करत होतो.

मी नाभिक समाजातला. वडिलांचं दुकान पुण्यातच, ४५ वर्षं झाली. मी आयटीत आहे. नारायणपेठी काकांनी ज्या चट् चट् आवाजाचं लिहिलं, तो आवाज ऐकत मी मोठा झालो. म्हणून वाचताना बरं वाटलं. पण पाहुण्याचे रूममेट त्याला 'हजाम' म्हणून हसतात, तिथे थांबलो.

शाळेत मला तीच हाक होती. माझ्या बाबतीत ती गंमत नव्हती. तुम्ही लोक हजारो रुपयांचे वस्तरे, परदेशी दगड घेता, त्याला छंद म्हणता. माझ्या वडिलांनी तेच हातात धरलं तर लोक त्यांना अरेतुरे करतात. पाहुण्यावर राग नाही. पण या धाग्यावर कोणीतरी हे बोलायला हवं होतं.

दुकानात आता अख्ख्या पोलादाचा वस्तरा नाही. एड्सची भीती पसरली तेव्हापासून गिऱ्हाईकच विचारायला लागलं, 'ब्लेड नवीन आहे ना?' ते योग्यच होतं. आता ब्लेड मधोमध मोडून अर्धं पात्यात घालतात, एका गिऱ्हाइकाला एक. बाबांचे दोन जुने वस्तरे तेल लावून, फडक्यात गुंडाळून गल्ल्याखालच्या खणात आहेत. दसऱ्याला पूजेला निघतात.

धारेबद्दल सुलट_उलट यांनी लिहिलं ते बरोबर आहे. त्यात बाबांचं एक घाला. ते नव्या पोराला सांगायचे, 'वस्तरा उजव्या हातात असला तरी दाढी डावा हात करतो.' कातडी ताणली नाही तर कितीही धार असू दे, ओढणारच. गळ्याला हात वर-खाली नाही, तिरका ताण द्यायचा. बोटं साबणाने घसरतात म्हणून बोटाला तुरटी लावायची.

---

घाटमाथा | शुक्रवार, रात्री १०:१५

धोकटी, मनापासून लिहिलंत. अवांतर होईल, पण 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे आपण लहानपणापासून म्हणतो. १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवणारे जिवा महाला तुमच्याच समाजातले. या समाजाला कमी लेखणाऱ्याने आधी ते आठवावं.

---

धोकटी | शुक्रवार, रात्री १०:३०

म्हण आमच्या दुकानात फ्रेम करून लावलेली आहे. तिच्याखाली बसूनच गिऱ्हाईक वडिलांना 'ए, जरा लवकर आटप' म्हणतं. मला म्हणीपेक्षा 'अहो' जास्त हवं आहे.

---

निवृत्त_नारायणपेठी | शुक्रवार, रात्री १०:५५

धोकटी, तुमचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. आमच्या वाड्यात येणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मला आठवत नाही. आम्ही ते कधी घेतलंच नाही, मोठ्यांपासून पोरांपर्यंत सगळे 'न्हावी आला' म्हणायचो. आज पहिल्यांदा ते खटकलं.

---

बावधनकर | शनिवार, सकाळी ९:००

सगळे पात्यावर बोलताहेत, पाण्याचं कोणी विचारलं नाही. पाहुणे, न्हाणीघरात पाणी महापालिकेचं की बोअरचं?

खडकवासल्याहून येणारं पाणी मऊ आहे, साबण लगेच फेसाळतो. बोअरचं पाणी जड, त्यातला चुना साबणाशी मिळून चिकट साका होतो. फेस दिसायला येतो, पण विरळ, दोन मिनिटांत वाळणारा. वाळक्या फेसावर चांगला वस्तराही अडखळतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की मला दरवर्षी हाच अनुभव.

तपासायचं असेल तर दोन बाटल्या घ्या. एकीत नळाचं, दुसरीत प्यायच्या आरओ फिल्टरचं पाणी. दोन्हींत साबणाचा सारखा तुकडा टाकून हलवा. फरक डोळ्यांनी दिसेल. दाढीला लागतं किती, एक पेलाभर. तेवढं फिल्टरचं वापरा.

---

सुलट_उलट | शनिवार, सकाळी ९:३०

बावधनकर, शंभर टक्के. हे माझ्याकडून राहिलं. आणि पावसाळा तोंडावर आहे म्हणून अजून एक. हे पोलाद गंजतं. दाढी झाली की पातं कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवा, न्हाणीघरात ठेवू नका.

---

घाटमाथा | शनिवार, सकाळी ९:४०

खोबरेल चालत नाही का? घरात असतंच.

---

सुलट_उलट | शनिवार, सकाळी ९:५०

चार दिवस चालतं, पुढे चिकट होतं. थंडीत गोठतं ते वेगळंच.

---

धोकटी | शनिवार, सकाळी १०:०५

बाबांनी ४५ वर्षं खोबरेलच लावलं. रोज वापरणाऱ्याला रोज पुसायचंच असतं, मग चिकटायला वेळच कुठे मिळतो? पडून राहणाऱ्या वस्तऱ्याला मशीनचं तेल.

---

पेठेतला_पाहुणा | शनिवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. दिवसभर टेस्ट सिरीज होती, आत्ता सगळं एका बैठकीत वाचलं.

बावधनकर काका, न्हाणीघरात बोअरचंच पाणी आहे. बाटल्यांचा प्रयोग केला. फिल्टरच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आला, बोअरच्या बाटलीत बोटभर, आणि वर पांढुरका तवंग. डॉक्टर मॅडम, वस्तरा सांधा उघडून धुतला, सांध्यातून काळं काय काय निघालं. सोमवारी इंजेक्शन घेतो. मीठभाकर काकू, आज आईला फोन करून सांगितलं. ती आधी ओरडली, मग म्हणाली, 'तुझे आजोबाही वस्तऱ्यानेच करायचे.' मला हे माहीतच नव्हतं.

धोकटीदादा, तुम्ही लिहिलंत ते रूममेट्सना मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही. पण आज दिवसभरात ती हाक आली नाही.

वस्तऱ्याच्या धारेवर फोनचा टॉर्च मारला तर धारेवर चकाकणारी रेघ दिसते. ती चांगली की वाईट?

---

सुलट_उलट | शनिवार, रात्री ११:२५

वाईट. धारेवर उजेड चमकला म्हणजे तिथे उजेड परतवण्याइतकी जाडी आहे. खऱ्या धारेवर काहीच दिसत नाही. दगड घेऊन मी येतो, कुठे भेटायचं सांगा.

---

धोकटी | रविवार, दुपारी १२:४०

बाबांना धागा वाचून दाखवला. नारायणपेठी काकांचा शेवटचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, 'त्या पोराला वस्तरा घेऊन ये म्हणावं. सोमवारी दुकान बंद असतं.' पत्ता दोघांनाही निरोपात पाठवतो.

---

पेठेतला_पाहुणा | सोमवार, रात्री १०:२०

आजचं सगळं जसं घडलं तसं लिहितो.

शटर अर्धं वर होतं. आत संत सेना महाराजांची तसबीर, त्याखाली धोकटीदादांचे वडील. मी त्यांना काका म्हणालो. काकांनी वस्तरा उघडला, पात्याला नखाने टिचकी मारली, टिंग वाजलं. 'पोकळ घासलेलं आहे, माल अस्सल.' पोकळ म्हणजे पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट. मग मनगटावरच्या केसांवर फिरवला, एक केस पडला नाही. 'यानं पाच दाढ्या केल्यास? सोसलंस.'

सुलट_उलट दादांनी तीन दगड काढले. काकांनी ते हातात घेऊन अंगठ्याने चाचपले, नंबर काय असतो ते विचारून घेतलं. मग खणातून त्यांचा दगड काढला. काळा, मधे किंचित खोलगट झालेला. ४५ वर्षांत एवढा झिजला म्हणाले. १००० आणि ५००० दादांच्या दगडावर झालं, सव्वा तास लागला. ८००० नंतर शेवटचे हात काकांनी त्यांच्या दगडावर, पाण्याचे दोन थेंब टाकून मारले. आम्ही तिघं न बोलता बघत होतो. सुरुवातीला पातं खर्र खर्र बोलत होतं, शेवटी आवाजच येईना. मग तळव्यावर चट् चट्. ते मी करायचं नाही, पट्टाच वापरायचा अशी ताकीद आहे.

दाढी लगेच नाही. आधी फुगा. फुगवून त्यावर साबण लावला आणि तो 'भादरायचा'. पहिला दुसऱ्या हातालाच फुटला, फेस आरशावर गेला. दुसरा अर्ध्यात. काका म्हणाले, 'दाबू नको, वस्तऱ्याला त्याच्या वजनाने उतरू दे.' तिसरा फुगा पूर्ण झाला. वस्तऱ्याला स्वतःचं वजन असतं हे मला तेव्हा कळलं, इतके दिवस मी माझंच वजन घालत होतो.

मग गळा. पुरळ बसलंय तेवढ्याच भागावर, फिल्टरच्या पाण्याचा फेस. काकांनी माझ्या डाव्या हाताची बोटं धरून कानाखाली ठेवली आणि मागे, तिरकी ओढली. घाटीच्या डावीकडे माझे केस खाली नाही, आडवे वाढतात. बाणांच्या चित्रात मी ते चुकीचं काढलं होतं. आडवा हात मारला. काही जाणवलंच नाही. मला वाटलं पातं लागलंच नाही, बोट फिरवलं तर जागा साफ होती.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर असं : धार नव्हती, पाणी जड होतं, दिशा चुकली होती आणि डावा हात रिकामा होता.

पैसे विचारले तर काकांनी 'परीक्षा कधी आहे?' एवढंच विचारलं. निघताना म्हणाले, पुढच्या सोमवारी कल्ले शिकवतो.

---

मीठभाकर | सोमवार, रात्री १०:४०

तुझ्या आईला ही पोस्ट पाठव.

---

निवृत्त_नारायणपेठी | सोमवार, रात्री १०:५०

धोकटी, पुढच्या सोमवारी मला यायचं आहे. दाढी करून घ्यायला नाही, तुमच्या वडिलांना भेटायला. त्यांना विचारून सांगाल का?

---

धोकटी | सोमवार, रात्री ११:१०

विचारलं. म्हणाले, काकांना सांग जिना नाही, दुकान रस्त्यालगतच आहे. चहा ठेवतो म्हणाले.

घाटमाथा, तुमचा निळा पडलेला वस्तराही घेऊन या. बाबांना बघायचाय. निळा भाग घासून खाली पांढरं पोलाद उरतंय का ते बघू म्हणाले, शब्द देत नाहीत.

---

त्वचेचं_बोला | मंगळवार, सकाळी ७:५०

येणाऱ्या प्रत्येकाने आपापला वस्तरा, आपापला पंचा. इंजेक्शन घेतलंस का, पाहुण्या? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

---

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, सकाळी ८:०५

घेतलं मॅडम, दुकानात जायच्या आधीच. दंड अजून दुखतोय.

---

चहाबाज | मंगळवार, सकाळी ८:१०

सोमवारी फुगे मी आणतो.